यात्रेला निघण्याआधी यादी निम्मी करा

पवित्र भूमीच्या सहलींची वेळापत्रकं पाहिली तर एकाच दिवसात नासरेथ, काना, कफर्णहूम आणि गालीलचा समुद्र बसवलेले दिसतात. प्रत्येक ठिकाणी जेमतेम पाऊण तास. त्यातला काही वेळ बसमधून उतरण्यात जातो, काही प्रसाधनगृहाच्या रांगेत, काही फोटोत, आणि उरलेल्या वेळात माणसं मोजून पुन्हा बस. घरी आल्यावर फोन फोटोंनी भरलेला असतो, पण कुठली वेदी कुठल्या चर्चमधली हे सांगता येत नाही.

ही तक्रार नवी नाही. चौथ्या शतकात निस्साचा बिशप ग्रेगरी स्वतः यरुशलेमला जाऊन आला आणि मग त्यानं पत्रात लिहिलं की जागा बदलल्यानं देव जवळ येत नाही. बेथलेहेमात राहणाऱ्या, बायबलचं लॅटिन भाषांतर करणाऱ्या जेरोमनंही आपल्या मित्राला कळवलं की स्वर्गाचं दार यरुशलेमहून जितकं उघडं आहे तितकंच ब्रिटनहूनही. दोघांचं म्हणणं आधी मान्य करायचं आणि मगच तिकीट काढायचं. स्थळाच्या अंगी आपोआप काही करण्याची शक्ती आहे असं धरून निघालेला माणूस हमखास हिरमुसून परततो.

मग प्रवासानं होतं तरी काय? रोजचे आधार सुटतात. नेहमीचा बाक, नेहमीची गीतं, मंडळीतलं आपलं काम, आपल्याला ओळखणारे चेहरे, यातलं काही बरोबर येत नाही. ते बाजूला झाल्यावर श्रद्धेचा कोणता भाग आपला होता आणि कोणता सवयीचा, हे दिसू लागतं. पण ते दिसायला एका जागी थांबावं लागतं. लूक २४ मध्ये अम्माऊसच्या वाटेवर दोन शिष्य पुन्हा उठलेल्या प्रभूबरोबर चालत होते, तरी त्यांनी त्याला ओळखलं नाही. ओळख पटली ती मुक्कामी, भाकर मोडताना. या लेखातल्या जवळजवळ सगळ्या सूचना थांबण्याविषयी आहेत त्या यामुळेच.

आधी प्रश्न, मग ठिकाण

एका कागदावर एकच प्रश्न लिहा. "माझी प्रार्थना कोरडी का झाली आहे?", "अमुक माणसाला मी क्षमा का करू शकत नाही?", "येशू माणूस होता हे मला खरंच पटतं का?" असा नेमका. "श्रद्धा वाढावी" हा प्रश्न नाही, ती इच्छा आहे. तिच्यावरून ठिकाण ठरत नाही आणि परतल्यावर काही तपासताही येत नाही.

प्रश्नावरून प्रवासाचा प्रकार ठरतो. येशूचं माणूसपण, शास्त्रातला भूगोल, घटनांचा खरेपणा यांत मन अडकलं असेल तर स्थळयात्रा करा: गालील, यरुशलेम, किंवा पौलाच्या वाटेवरची फिलिप्पै, करिंथ, इफिस. एखादा निर्णय घ्यायचा असेल, दुःख पचवायचं असेल, तर पायी यात्रा. चालताना मन उलगडतं. प्रार्थनाच आटली असेल तर फिरू नका. एखाद्या मठात किंवा प्रार्थनाश्रमात पाच-सहा दिवस मुक्काम करा. पहिल्यांदा निघणाऱ्यांना आम्ही हाच तिसरा प्रकार सुचवतो, आणि लोक नेमका तोच टाळतात, कारण परतल्यावर दाखवायला त्यात काही नसतं.

मग ठिकाणांची यादी करा आणि ती निम्मी करा. आठ दिवसांत मुक्कामाच्या जागा दोन, फार तर तीन. दिवसाला एक मोठं स्थळ, तिथे किमान दोन तास, आणि रोजची एक वेळ पूर्ण मोकळी. गटाबरोबर जात असाल तर पैसे भरण्याआधी संयोजकाला तीन गोष्टी विचारा: प्रत्येक स्थळी शांत बसायला किती वेळ आहे, रविवारी उपासना कुठे आणि किती वाजता, एखादं ठिकाण वगळून मागे थांबलं तर चालेल का. तिसऱ्या प्रश्नाला ठाम "नाही" आलं तर दुसरा गट शोधा.

तारखा ठरवताना दोन ईस्टर पाहा. पाश्चात्त्य आणि ऑर्थोडॉक्स मंडळ्यांचा ईस्टर बहुतेक वर्षी वेगळ्या दिवशी येतो. २०२७ मध्ये एक २८ मार्चला आहे, दुसरा २ मे रोजी. २०२८ मध्ये दोन्ही १६ एप्रिललाच. यरुशलेममध्ये या दोन्ही आठवड्यांत जुन्या शहराचे रस्ते अडवले जातात. उपासनेत सहभागी व्हायचं असेल तर हे दिवस साधा. स्थळं शांतपणे पाहायची असतील तर टाळा. दोन्ही एकाच फेरीत होत नाही. त्या प्रदेशात जाण्याआधी आपल्या सरकारच्या प्रवाससूचना वाचणं आणि तिकीट रद्द करता येईल असं काढणं, हे वेगळं सांगायला नको.

सहा आठवड्यांचं वाचन

स्थळावर उभं राहून उतारा पहिल्यांदा वाचणं म्हणजे पंगतीत बसल्यावर चूल पेटवणं. वाचन घरीच सुरू व्हायला हवं.

स्थळयात्रेसाठी पहिले चार आठवडे मार्क. अध्याय १६ आहेत, म्हणजे आठवड्याला चार. वाचताना प्रत्येक जागेचं नाव अधोरेखित करा आणि हातानं साधा नकाशा काढा. चित्र वाईट आलं तरी चालेल. कोण कुठून कुठे गेला हे बोटांना कळतं. उरलेले दोन आठवडे ज्या दोन-तीन ठिकाणी मुक्काम आहे तिथलेच उतारे पुन्हा पुन्हा. पौलाच्या वाटेनं जाणाऱ्यांना प्रेषितांची कृत्ये सोयीचं: २८ अध्याय, रोज एक, बरोबर चार आठवडे. त्यातला २७ वा अध्याय सावकाश वाचा. जहाज फुटतं, २७६ माणसं पाण्यात पडतात आणि सगळी किनाऱ्याला लागतात. प्रवास फसला म्हणजे देवाची योजना फसली, हा समज तिथे मोडतो; विमान चुकल्याच्या रात्री त्याचा उपयोग होईल.

पायी जाणाऱ्यांसाठी स्तोत्रसंहितेतली १२० ते १३४ ही पंधरा आरोहणस्तोत्रं आहेत. सणासाठी यरुशलेमला चढून जाणारे यात्रेकरू ती म्हणत, असं परंपरा मानते. बहुतेक लहान आहेत. रोज एक पाठ करायला घेतलं तर पंधरा दिवसांत संच पूर्ण होतो, आणि चढावर धाप लागलेली असताना पुस्तक उघडावं लागत नाही. सगळी जमली नाहीत तर १२१, १३० आणि १३१ तरी करा.

याच काळात दोन छोटी कामं उरकायची. ज्याच्याशी अबोला आहे त्याला एक फोन किंवा चिठ्ठी. मत्तय ५ मध्ये वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगितलं आहे, आणि न केलेला समेट दर मुक्कामी आठवतो. दुसरं, आपल्या पाळकांना किंवा फादरना सांगून निघणं. मंडळीनं प्रार्थना करून पाठवलेला माणूस आणि रजा टाकून गेलेला माणूस यांच्या चालण्यात फरक असतो.

स्थळी पोचल्यावर नेमकं काय करायचं

सर्वांत चांगली पद्धत सोळाशे वर्षं जुनी आहे. एजेरिया नावाची एक स्त्री ३८१ ते ३८४ च्या सुमारास सिनाय, यरुशलेम आणि आसपासच्या प्रदेशांत फिरली. तिनं मायदेशीच्या धर्मभगिनींना लिहिलेल्या वृत्तान्ताचा काही भाग उरला आहे. इच्छित ठिकाणी पोचल्यावर आपला नेम काय असे, हे तिनं त्यात सांगितलं आहे: आधी प्रार्थना, मग पवित्र शास्त्रातला त्या जागेचा उतारा, मग त्याला साजेसं एक स्तोत्र, मग पुन्हा प्रार्थना. बस्स. आजच्या सोयीसाठी त्याला वेळेची मापं अशी लावता येतील.

१. पहिली पाच मिनिटं फोन पिशवीत. जागा मिळेल तिथे बसा किंवा भिंतीला टेकून उभे राहा. एका वाक्याची प्रार्थना पुरे: "प्रभू, इथे मला जे दाखवायचं ते दाखव."

२. उतारा दोनदा वाचा, एकदा मनात, एकदा ओठ हलवत. पंधरा ओळींपेक्षा मोठा नको. गट असेल तर एकानं वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं. सगळ्यांनी आपापल्या फोनवर वाचलं की ऐकणं राहून जातं.

३. दहा ते पंधरा मिनिटं गप्प. उताऱ्यातली एक वस्तू धरा: पाणी, पायरी, दगड, वारा. ती समोर असेल तर नुसती पाहा.

४. स्तोत्र मोठ्यानं, मग शेवटची प्रार्थना. तिच्यात कागदावरचा प्रश्न देवापुढे ठेवा.

५. फोटो आता. तीन पुरेत.

माहिती सांगणाऱ्या मार्गदर्शकाचं बोलणं या सगळ्याच्या आधी किंवा नंतर हवं, मध्ये नको. गटात सर्वांत जास्त बिघडतं ते इथेच: लोक डोळे मिटतात आणि मार्गदर्शक खांबांचं शतक सांगू लागतो.

वस्तू धरायची म्हणजे काय, याचं उदाहरण जेझुइट संघाचा संस्थापक लोयोलाचा इग्नेशियस याचं. १५२३ मध्ये तो यरुशलेमला पोचला. तिथल्या फ्रान्सिस्कन संन्याशांनी त्याला परत जायला सांगितल्यावर तो एकटाच जैतुनाच्या डोंगरावर गेला आणि प्रभूच्या पावलांचे म्हणून दाखवले जाणारे ठसे पाहण्यासाठी पहारेकऱ्यांना आपला छोटा चाकू देऊन आत शिरला. बाहेर आल्यावर त्याच्या लक्षात आलं की उजवा पाय कोणत्या दिशेला होता हे नीट पाहिलंच नाही. तो परत गेला आणि या वेळी कात्री दिली. ठसे खरे की नाहीत हा वाद निराळा; पाहणं असं असतं.

भूगोलही असाच पाहायचा असतो. यरुशलेम समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर आहे आणि यरीहो समुद्रसपाटीच्या अडीचशे मीटर खाली. मधली वाट साधारण २७ किलोमीटरची, म्हणजे एका दिवसाच्या चालीत हजार मीटर उतार, आणि तोही ओसाड घळींतून. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात लुटारू का आहेत आणि थांबायला याजकाला भीती का वाटली असेल, हे तिथे एका नजरेत कळतं. गालीलचा समुद्र म्हणजे २१ किलोमीटर लांब आणि १३ रुंद असं गोड्या पाण्याचं तळं, समुद्रसपाटीच्या दोनशे मीटरहून खाली, भोवती उंच कडे. वरची थंड हवा या खोलगटात उतरली की वादळ बघता बघता उठतं. होडीतल्या शिष्यांची भीती बायकी-बालिश नव्हती. ते त्या पाण्यावर वाढलेले कोळी होते आणि त्यांना कळत होतं.

हीच ती जागा का?

हा प्रश्न प्रत्येक यात्रेकरूला पडतो आणि बरेच जण तो दाबून टाकतात. दाबू नका. स्थळांचे मनात तीन गट करा.

काही जागा पक्क्या आहेत: तळं, डोंगर, यरुशलेमच्या मंदिराच्या दक्षिणेकडच्या पायऱ्या, २००४ मध्ये सापडलेल्या शिलोह तळ्याच्या पायऱ्या. काही बऱ्याच संभाव्य. कफर्णहूममध्ये पहिल्या शतकातल्या एका घराला फार लवकर मान मिळू लागला आणि पाचव्या शतकात त्यावर अष्टकोनी चर्च उभं राहिलं. ते पेत्राचं घर मानण्यास आधार आहे. तिथलंच पांढऱ्या चुनखडीचं सभास्थान मात्र येशूनंतर काही शतकांनी बांधलेलं आहे. त्याच्या खाली काळ्या बसाल्टचा जो जुना पाया दिसतो तो पाहा. तिसऱ्या गटात केवळ भक्तीची परंपरा असलेल्या जागा येतात. अम्माऊस म्हणून एकाहून अधिक गावं दाखवली जातात. येशूच्या बाप्तिस्म्याची जागा म्हणून यार्देन नदीच्या दोन्ही तीरांवर ठिकाणं दाखवली जातात. पूर्वतीरावरचं अल-मघतास २०१५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं, आणि गालीलच्या समुद्राजवळचं तिसरं ठिकाण तर यात्रेकरूंच्या सोयीसाठी उभारलेलं आहे. व्हिया डोलोरोसा, म्हणजे येशू वधस्तंभ घेऊन गेला ती मानली जाणारी यरुशलेममधली चौदा स्थानकांची आजची वाट, मध्ययुगात आणि नंतर ठरत गेली.

तिसऱ्या गटातल्या जागा वगळायच्या का? मुळीच नाही. शेकडो वर्षं लोकांनी जिथे रडून प्रार्थना केली ती जागा त्या प्रार्थनांसाठी आदराची. फक्त तिथे पुरावा शोधू नका, सोबत शोधा. श्रद्धा दगडाला टांगली की पुढच्या उत्खननाला घाबरावं लागतं.

यरुशलेममधलं पवित्र कबरेचं चर्च, येशूची कबर मानल्या जाणाऱ्या जागेवरचं, हे स्वतंत्र प्रकरण आहे. ३३५ मध्ये त्याचं समर्पण झालं, पुढे पडझड होऊन आजची इमारत मुख्यतः क्रुसेडरांच्या, म्हणजे यरुशलेम जिंकणाऱ्या युरोपीय ख्रिस्ती योद्ध्यांच्या काळातली. ग्रीक ऑर्थोडॉक्स, रोमन कॅथलिक, आर्मेनियन, कॉप्टिक, सिरियन आणि इथिओपियन अशा सहा मंडळ्या ते वाटून वापरतात. दाराची किल्ली आणि दार उघडण्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या दोन मुस्लिम घराण्यांकडे आहे. धूर, ढकलाढकली, घंटा आणि एकाच वेळी तीन भाषांत गायन: प्रोटेस्टंट यात्रेकरू इथे बहुतेक वेळा अस्वस्थ होतात आणि शहराच्या भिंतीबाहेरच्या गार्डन टूम्बमध्ये, येशूची कबर म्हणून दाखवल्या जाणाऱ्या दुसऱ्या जागी, जाऊन निःश्वास टाकतात. बागेत प्रार्थना छान होते. पण ती कबर येशूच्या काळाहून बरीच जुनी आहे असं पुरातत्त्वज्ञ सांगतात, आणि पुराव्याचं पारडं जुन्या चर्चकडेच झुकतं. आमचा सल्ला: चर्चमध्ये पहाटे दार उघडताच जा, एका कोपऱ्यात तासभर बसा, आणि ख्रिस्ताचं शरीर, म्हणजे त्याची मंडळी, किती तुकड्यांत आहे व तरी एका छपराखाली कसं आहे ते पाहा. हाही एक धडाच आहे, न मागता मिळालेला.

पायी जाणार असाल तर

स्पेनमधल्या सांतियागोला जाणारी फ्रेंच वाट फ्रान्समधल्या सें-झाँ-पिए-द-पोरहून सुमारे ७८० किलोमीटर, म्हणजे ३० ते ३५ दिवस. एवढी रजा नसेल तर सारियाहून सुमारे ११५ किलोमीटर, पाच-सहा दिवसांत. तिथलं प्रमाणपत्र मिळायला किमान १०० किलोमीटर चालणं किंवा २०० सायकलनं जाणं आणि यात्रापुस्तिकेवर रोज दोन शिक्के लागतात. संत याकोबाचा सण, म्हणजे २५ जुलै, रविवारी आला की ते पवित्र वर्ष, पुढचं २०२७. त्या वर्षी गर्दी धरूनच चाला.

पायांची तयारी ही आध्यात्मिक तयारीच आहे, कारण फोड आलेल्या माणसाला फोडाशिवाय काही सुचत नाही. सहा आठवडे आधीपासून आठवड्यातून तीनदा चाला, शेवटच्या दोन आठवड्यांत भरलेली पाठपिशवी घेऊन सलग दोन दिवस १५-१५ किलोमीटर. पिशवी शरीराच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून जड नको. बूट अर्धा माप मोठे, कारण दिवसभरात पाय सुजतात, आणि ते नवे कोरे नकोत. घाम, उष्णता आणि घर्षण मिळून फोड येतो. म्हणून टाच गरम लागली त्या क्षणी थांबा, मोजे बदला, चिकटपट्टी लावा. "पुढच्या गावात बघू" म्हटलं की दोन दिवस गेले.

रोज २० ते २५ किलोमीटर पुरे. पहिला तास कुणाशी न बोलता चाला. सोबत्याशी हे घरीच ठरवून ठेवा, नाहीतर त्याला तुमचा राग आला असं वाटतं. या तासाला येशूची प्रार्थना चांगली बसते: "प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा," म्हणताना श्वास आत, "मज पाप्यावर दया कर," म्हणताना बाहेर. चढावर श्वास तुटला तर प्रार्थना आखूड करा, श्वास ओढून धरू नका. दुसरा तास मध्यस्थीचा: घरून आणलेली नावांची यादी, एका किलोमीटरला एक नाव. मग दिवसभर मोकळं बोला.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी बहुतेकांचं अवसान गळतं. चिडचिड होते, घरची आठवण येते, हे सगळं ढोंग आहे असं वाटतं. १ राजे १९ मधला एलीया झुडपाखाली मरण मागत होता. देवदूतानं त्याला उपदेश केला नाही, दोनदा खायला दिलं आणि झोपू दिलं. तेच करा. आत्म्याची काळी रात्र समजलेल्या अवस्थेवर पुष्कळदा पाणी, मीठ आणि नऊ तासांची झोप हा उपाय असतो. तरीही दोन-तीन दिवस मन तसंच राहिलं तर मग ती अवस्था वहीत नोंदवा आणि परतल्यावर आत्मिक मार्गदर्शकाशी बोला.

काही वाटा निसर्गाच्या वेळेनं चालतात. इंग्लंडच्या किनाऱ्याजवळच्या लिंडिसफार्न बेटावर संन्यासी एडननं ६३५ मध्ये मठ स्थापला. तिथे जाणारा रस्ता दिवसातून दोनदा भरतीखाली जातो, आणि वेळापत्रक न बघता निघालेल्या गाड्या दर वर्षी अडकतात. सिनाय डोंगर २२८५ मीटरचा. सूर्योदयासाठी रात्री चढणाऱ्यांना खाली उकडतं म्हणून गरम कपडे नकोसे वाटतात आणि माथ्यावर ते कुडकुडतात.

मठातला मुक्काम

सहाव्या शतकात संत बेनेडिक्टनं मठवासीयांसाठी लिहिलेल्या नियमाचा ५३ वा अध्याय सांगतो की येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचं स्वागत ख्रिस्ताचं म्हणून करावं. त्यामुळे हा नियम पाळणाऱ्या बेनेडिक्टाइन आणि ट्रॅपिस्ट मठांत पाहुणघर असतं, आणि कॅथलिक नसलेल्यांनाही सहसा जागा मिळते. दोन-तीन महिने आधी लिहा. पत्रात चार गोष्टी असू द्या: तारखा, तुमची मंडळी, एकटे आहात का, आणि कुणाशी बोलायची इच्छा आहे का. राहण्याचे पैसे ठरलेले नसतील तर किती दान देणं योग्य, हे सरळ विचारा. त्यात संकोच नको.

सगळ्या प्रार्थनांना जाण्याचा हट्ट धरू नका. ट्रॅपिस्ट मठांत पहिली प्रार्थना पहाटे फार लवकर असते. नवखा माणूस पहिल्या दिवशी उत्साहानं उठतो आणि तिसऱ्या दिवशी आजारी पडतो. सकाळची, सायंकाळची आणि झोपण्यापूर्वीची अशा तीन प्रार्थना धरा. स्तोत्रं आळीपाळीनं म्हटली जातात आणि ओळीच्या मध्ये विराम असतो. पाहुण्याचा आवाज नेमका त्या विरामात घुसतो. पहिला दिवस ओठ मिटून ऐका. झोपण्यापूर्वीच्या प्रार्थनेनंतर सकाळपर्यंत मौन. दरवाजा, चप्पल, फोनचा कंप यांचाही आवाज होतो हे तिथे कळतं.

दुसऱ्या दिवशी कंटाळा येईल. येऊ द्या, त्याच्यासाठीच आला आहात. पुस्तकांचा गठ्ठा नेऊ नका: बायबल, वही आणि मागितलं तर मठातलं एखादं काम, भाजी निवडणं किंवा पानं झाडणं. मठाचं नुसतं नाव ऐकूनच दडपण येत असेल तर फ्रान्समधला तेझे हा ख्रिस्ती समुदाय बघा: रविवार ते रविवारचा आठवडा, दिवसातून तीन प्रार्थना, पुन्हा पुन्हा म्हटली जाणारी छोटी गीतं आणि प्रत्येक प्रार्थनेच्या मध्ये काही मिनिटांचं मौन. तिथे तरुण जास्त असतात आणि झोपायची सोय साधी असते.

अनोळखी चर्चमधला रविवार

कामासाठी किंवा सुट्टीवर गेलात तरी एवढं करता येतं, आणि त्याला वेगळा खर्च नाही. शनिवारीच वेळ आणि पत्ता पाहून ठेवा. पंधरा मिनिटं आधी पोचा, मधल्या ओळीत बसा. पुढे बसलं तर कधी उठायचं ते कळत नाही, मागे बसलं तर आपण प्रेक्षक होतो. भाषा कळत नसली तरी जुन्या मंडळ्यांच्या उपासनेचा सांगाडा ओळखीचा असतो: पापकबुली, वाचनं, मतांगीकार, प्रभूची प्रार्थना, प्रभुभोजन. प्रभूची प्रार्थना लयीवरून ओळखू येते. ती आपल्या भाषेत हळू आवाजात म्हणा.

प्रभुभोजनाचे नियम मात्र जाणून घ्या. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये सर्वसाधारणपणे त्यांच्याच सभासदांना ते दिलं जातं. रांगेत जाऊन याजकाला अडचणीत टाकू नका, बसून राहा. बऱ्याच कॅथलिक चर्चमध्ये छातीवर हात आडवे ठेवून गेलं तर आशीर्वाद मिळतो. ऑर्थोडॉक्स उपासनेच्या शेवटी वाटली जाणारी आशीर्वादित भाकर प्रभुभोजन नसते, ती पाहुण्यांनाही पुष्कळदा देतात. त्या उपासना लांब असतात आणि बसायला बाक कमी. इथिओपियन चर्चमध्ये दाराशीच पादत्राणं काढतात. खांदे आणि गुडघे झाकलेले असले की बहुतेक सगळीकडे चालतं. एक मोठी ओढणी पिशवीत असू द्या. बाहेर पडल्यावर आपली मंडळी बरोबर आणि ही चूक असा हिशेब लगेच मांडू नका. वहीत एकच ओळ लिहा: यांच्याकडे असं काय आहे जे आमच्याकडे नाही?

मदतीला म्हणून जाणाऱ्या गटांविषयी थोडंसं. तिथल्या मंडळीनं ते काम मागितलं आहे का, आणि ते तिथलीच माणसं करू शकणार नाहीत का, हे आधी विचारा. अनाथाश्रमात आठवडाभर मुलांना जीव लावून निघून जाण्यानं मुलांचंच नुकसान होतं, ते टाळाच. शिकायला म्हणून गेलात तर निदान खोटं तरी बोलावं लागत नाही.

रोजची वही, आणि परतणं

रात्री दहा-पंधरा मिनिटं इग्नेशियसच्या पद्धतीनं दिवस तपासा: आभार, प्रकाशासाठी विनंती, दिवसाची उजळणी, क्षमा, उद्याचा निश्चय. वहीत तीनच ओळी: काय पाहिलं, कशानं मन हललं, कशानं बंद झालं. तिसरी ओळ लोक गाळतात, आणि पुढे सर्वांत उपयोगी तीच ठरते.

परतण्याच्या दिवसानंतरचा एक दिवस कामाला लावू नका. बेनेडिक्टच्या नियमाचा ६७ वा अध्याय प्रवासाहून परतलेल्या बंधूनं बाहेर पाहिलं-ऐकलं ते लगेच कुणाला सांगू नये असं बजावतो. आजच्या काळात याचा अर्थ निदान आठवडाभर फोटो कुठेही टाकू नका एवढा घ्या. चार वेळा सांगितलेली गोष्ट सांगण्याच्या साच्यात बसते आणि मूळ अनुभव हाती राहत नाही. त्याच नियमाच्या पहिल्या अध्यायात मठामागून मठ फिरत तीन-चार दिवस पाहुणचार झोडणाऱ्या भटक्या संन्याशांवर कडक शेरा आहे. परत आल्या आल्या पुढचं तिकीट शोधावंसं वाटलं तर तो अध्याय वाचा.

आठवड्यानंतर वही उघडा आणि एकच सवय निवडा: सकाळचं स्तोत्र, चालतानाची प्रार्थना किंवा रात्रीची तपासणी. चाळीस दिवस ती चालवा. दोन-तीन सवयी एकदम उचलल्या की सगळ्याच सुटतात. मंडळीत बोलायचं झालं तर दहा मिनिटं, पाच फोटो आणि शास्त्रातला एक उतारा. चाळीस दिवसांनी कागदावरचा प्रश्न पुन्हा वाचा. उत्तर मिळालं नसेल आणि प्रश्नच बदलला असेल, तर नवा प्रश्न जुन्याच्या खाली तारीख घालून लिहा.